झडपेचे टाके

सासू : फॉर्म तिथेच ठेव. सही करणार नाही म्हटलं ना मी.

सून : ऑपरेशन परवा आहे, आई. आज फॉर्म गेला नाही तर तुमची तारीख दुसऱ्या कुणाला देतील.

सासू : देऊ देत. चाळीस वर्षं लोकांचे कपडे शिवलेत, एवढं कळतं मला. विरलेल्या कापडाला नवं ठिगळ लावलं की शेजारचं फाटतं.

सून : कापड ठणठणीत आहे तुमचं. बिघडलीय ती हृदयाची एक झडप.

सासू : आणि नवी झडप तुमच्याच कारखान्यात शिवलेली असणार. तुझ्यासारख्या पोरींनी.

सून : असेलही. नाहीतर दुसऱ्या कारखान्यातली.

सासू : म्हणूनच धाकधूक. तू शिवलेला पहिला फ्रॉक आठवतो मला. एक बाही पूर्वेला, एक पश्चिमेला.

सून : मलाही आठवतो. तीनदा उसवायला लावलात, तेही पाहुण्यांसमोर. फार लागलं होतं मला.

सासू : ठाऊक आहे. न्हाणीघरात नळ सोडून रडत होतीस. बरं, ही झडप करते तरी काय? डॉक्टर भराभर बोलले, सगळं डोक्यावरून गेलं.

सून : हृदयात चार कप्पे. दोन वर, दोन खाली. वरच्यांत रक्त येतं, मधली दारं, म्हणजे झडपाच, उघडी असतात, तिथून खाली उतरतं. शेवटी वरचे कप्पे जरा आवळतात आणि राहिलेलंही खाली ढकलतात.

सासू : मग?

सून : मग खालचे दोन्ही एकदम आवळतात, ओलं कापड पिळावं तसे. रक्त वर परत जाऊ नये म्हणून मधली दारं बंद होतात आणि बाहेरची उघडतात. उजवीकडचं रक्त फुप्फुसांत जातं, डावीकडचं अंगभर.

सासू : आणि कप्पे सैल पडले की बाहेरची मिटत असतील.

सून : बरोबर. डॉक्टर नळी लावून ऐकतात ना, ते दोन आवाज दारं मिटल्याचे. आधी मधली, मग बाहेरची. एवढ्यात एक ठोका झाला.

सासू : म्हणजे झडप स्वतः काही ढकलत नाही.

सून : नाही. तिनं वेळेवर उघडायचं आणि वेळेवर मिटायचं. कष्ट सगळे कप्प्याच्या भिंतीचे. तुमची डावीकडची बाहेरची झडप कडक झालीय, अर्धीही उघडत नाही. भिंत बिचारी जीव तोडून ढकलते, म्हणून जिन्यावर दम लागतो तुम्हाला. उद्या तीच थकली तर नवी झडप बसवूनही फारसा उपयोग नाही.

सासू : दिवसातून किती वेळा उघडते ती?

सून : लाखभर वेळा.

सासू : आणि दोरा टिकतो?

सून : एकेका झडपेत हजारभर टाके असतात, आई. तीन पाकळ्या, भिंगाखाली धरून हातानं शिवायच्या. जनावराच्या हृदयावरचा पातळ पडदा असतो, मशीनवर घेता येत नाही. टाका केसभर सरकला तरी पाकळी नीट मिटत नाही.

सासू : तपासतं कोण?

सून : आधी मी, मग आणखी दोघी. मागच्या आठवड्यात दिवसभर एक झडप शिवली आणि निघताना एक टाका खटकला. त्या दोघींनाही दिसला नसता.

सासू : मग काय केलंस?

सून : उसवलं. तिथे रोज वाटतं, तुम्ही मागे उभ्या आहात.

(सासू शिलाई मशीनवरचा चष्मा उचलते, पदरानं पुसत राहते.)

सासू : हे रागानं म्हणतेस?

सून : आधी राग यायचा. आता भीती वाटते. तुम्ही नसलात तर मागे कोण उभं राहणार?

सासू : पेन दे इकडे. हात कापतो हल्ली, सही वाकडी येईल.

सून : येऊ दे. ही उसवायची नाही.