लग्नातल्या सफारीच्या मापाची गाडी

(गारखेड्यातलं मुबारकचं गॅरेज. कोईमतूरच्या रेस ट्रॅकवर गाडी नेणारा टेम्पो दारात उभा. कडूबा रेसचा चामडी सूट घालून गाडीवर बसलाय. शेजारी त्याची बायको सरूबाई.)

मुबारक : श्वास घे ना, कडूभाऊ! रोकून काय बसला?

कडूबा : घेतला तर जाकिटाची चेन तुटंल.

मुबारक : पुढं वाक. हँडल पकड.

कडूबा : वाकलोय की.

मुबारक : ये वाकना हाय? फोटू काढायला बसल्यासारखा बसलाय तू.

कडूबा : मधी टाकी हाय, टाकीच्या अलीकडं माझं पोट. दोन्हीतलं एक काढल्याबिगर हात पोचत नाय.

सरूबाई : आवं, उतरा आधी. मागचं चाक वर पत्र्याला घासायलंय.

मुबारक : पत्रा नाय भाभी, कार्बन फायबर हाय.

सरूबाई : काय आसंल ते. घासायलंय.

मुबारक : स्प्रिंग पुरी दबली. रेसची स्प्रिंग माणसाच्या वजनावर मागवावी लागती. कडूभाऊ, खरं सांग, वजन किती?

कडूबा : तुला सांगितलं हुतं तेवढंच.

मुबारक : कुठं सांगितलं? वजन विचारलं तर बोलला, मोजायचं काय त्यात, माझा कपडा घेऊन जा. अन् एक सफारी आणून दिला.

सरूबाई : कोन्ता सफारी?

कडूबा : हाय एक.

सरूबाई : बदामी? लग्नातला? आन् मला म्हणाला बोहारणीला दिला! घरभर हुडकला मी.

कडूबा : टेलरला नमुना देताना नीट बसलेलाच कपडा देतेत का नाय? मला जन्मात नीट बसलेला तेवढा एकच.

मुबारक : मी बी मोठा शहाणा! सफारी टेबलावर पसरला, त्याच्यावरून सीट बनवली, हँडल बसवलं, वजनाचा अंदाज बी केला. हा रोज समोर बसून चहा पीत हुता, पण मी याच्याकडं बघितलंच नाय. सफारीकडं बघत हुतो.

कडूबा : जगात अशी दुसरी गाडी नाय म्हणत हुतास.

मुबारक : नायच ना! टायटॅनियमचा सायलेन्सर, रेसचे ब्रेक, इंजन मी या हातानं बांधलेलं. अन् सगळं एका नवरदेवासाठी, जो आता हाय नाय.

कडूबा : आरशात रोज बघतो रे मी. पण ह्या गाडीचा इचार केला की मला मी तसाच दिसायचो. बारीक. डोक्यावर केस बिस.

मुबारक : दुसरी स्प्रिंग मागवू?

कडूबा : आन् ट्रॅकची तारीख?

मुबारक : वो गयी. मग पुढच्या साली.

कडूबा : पुढच्या साली मी आजून एक माप वाढलेलो आसंन.

मुबारक : तर मग हीच स्प्रिंग पुरी आवळतो. चाक घासणार नाय. पण जोरात जायचं नाय. फुलंब्रीच्या रोडवर स्कूटर चालवतो ना, तसं.

कडूबा : तिथं तर ट्रॅक्टर बी मला मागं टाकून जातेत.

मुबारक : तर ट्रॅकवर बी टाकू दे.

कडूबा : नगं, गड्या. टेम्पोवाल्याला परत पाठव. तिथं सगळी सडपातळ पोरं आसतेल, त्यात मी पोत्यावानी बसणार. फुकट तमाशा.

सरूबाई : तमाशाचं र्‍हाऊ द्या. तुम्हाला जायचंय का नाय, तेवढं सांगा.

कडूबा : लई जायचंय, सरू. लग्नाच्या आधीपासून जायचंय. पण लोक हसतेल ना.

सरूबाई : हसतेलच. मलाच आवरंना झालंय.

कडूबा : मग?

सरूबाई : मुबारकभाई, टेम्पोत पुढं माझ्यापुरती जागा करा. हसणारांत एक तरी घरचं माणूस पायजे.