वळणावरचा उजेड

गड्या, ट्रकच्या दिव्यांवरनं मी लय शिव्या खाल्ल्यात, पण ही तक्रार एकदाच ऐकली. पंच्याहत्तरच्या सुमाराला मी गूळ घेऊन सांगलीला जायचो. रहिमतपूरच्या पुढं वळण घेताना झगझगीत उजेड थेट एका म्हातारीच्या दारात शिरायचा. तिचा पोरगा पलटणीत, घरात ती एकटीच. तिचे डोळे दिपत असतील म्हणून मी तिथं डिपर मारून उजेड खाली घ्यायला लागलो. तर एका रात्री तिनं हात करून ट्रकच थांबवला.

“का रं, आता उजेड का पाडत न्हाईस?”

“आवं मावशी, तुमच्या डोळ्यांवर येत हुता की!”

“येऊ दे. तुजा उजेड फिरला की माजी सावली भिंतीवरनं चालत जाती. घरात दुसरं कुणीतरी वावरल्यावानी वाटतं.”