तुमच्या वतीनं

एकोणपन्नास साल. नगरच्या स्टँडवर पुण्याच्या गाडीला रांग लागली होती. माझ्यापुढे आमदारांच्या पत्नी दमयंतीबाई, त्यांची मुलगी इंदू आणि दोघींना पोचवायला आलेले धाकटे दीर शामकांत उभे होते. शामकांतांच्या हातात वर्तमानपत्र होतं.

"वहिनी, राष्ट्रपती म्हणे आमदार आणि दिल्लीतले सभासदच निवडणार."

"आणि आम्ही?"

"तुम्ही आमदार निवडायचा. तो तुमच्या वतीनं मत देईल."

"म्हणजे तुमचे दादा देणार. कुणाला विचारून?"

"कोट्यवधी अडाणी लोकांना कुठं विचारत बसणार?"

"इंदू अडाणी नाही, मॅट्रिक झालीय. तिचं लग्न ठरवताना तिला विचारलं त्यांनी?"

"ते घरातलं झालं. हळू बोला, लोक ऐकताहेत."

"ऐकू देत. जो माणूस घरातल्या एका मुलीला विचारत नाही, तो जिल्ह्याला काय विचारणार?"

"बरं, राग सोडा. मामाकडे केळवणाला चाललाय, आनंदानं जा."

"केळवणाला नाही चाललो. मी विचारलं इंदूला. तिला कॉलेजात जायचंय. तिला वसतिगृहात ठेवून मी परत येणार."

"वहिनी, दादांना काय सांगू मी?"

"तुम्ही नका सांगू. मीच सांगेन."

गाडी लागली. शामकांत जागचे हलले नाहीत.

"काका," इंदू पहिल्यांदाच बोलली, "माझी ट्रंक तेवढी वर चढवता?"