पुन्हा बुडवा

डायव्हिंगचं सामान दुरुस्त करणाऱ्या दुकानात माझ्यापुढे एक बाई होत्या. त्यांनी लेकीचं हवा भरायचं जाकीट काउंटरवर ठेवलं.

"काय होतंय याला, मावशी?"

"बटण न दाबताच फुगत जातं म्हणे. उद्या हेच घालून पाण्याखाली जायचंय तिला."

"सिलिंडरला जोडून टबात बुडवतो. हे बघा, बटणाच्या कडेनं बुडबुडे येतायत. आत मीठ साचलंय. वापरून झाल्यावर धुते ना?"

"धुते की. बाहेरून अगदी घासूनपुसून."

"सगळे तेच करतात. आतून कुणी धूत नाही."

"आणि खोल असताना फुगलं तर?"

"भसकन वर फेकली जाईल. फुप्फुसांना सोसत नाही ते."

"मग असं करा, दुरुस्त होत नाही म्हणून सांगा तिला."

"अहो, पण होतंय. आतला व्हॉल्व्ह बदलला की झालं."

"ते कळलं मला. तरी सांगा. माझं ती ऐकत नाही, तुमचं ऐकेल."

"ऐकेल, आणि मैत्रिणीचं उसनं घेऊन जाईल. ते काही मी बुडवून बघितलेलं नसेल."

बाईंनी वाकून टबातले बुडबुडे बघितले.

"मावशी, काय करू?"

"बदला."

"हा घ्या, बदलला. आता बघा, एक बुडबुडा नाही."

"पुन्हा बुडवा."

"बुडवलं. काही नाही."

"राहू दे जरा पाण्यात."

"मागे लोक खोळंबलेत, मावशी."

"खोळंबू देत. तुम्ही हात काढू नका."