चैलच्या वाटेवर सगळ्यांत पुढे

मीनाक्षी : अहो, काढा ते बूट. विक्रमची गाडी उद्या मोहालीत तुम्हाला न्यायला यायची नाही. यंदा तुम्ही नको, म्हणाला.

जयंत : नको? रिटायर झाल्यापासून दर वर्षी कालका ते चैल मी चालतोय. ती पायवाट या पोरांना मी दाखवली. आणि निरोप तुझ्याकडे?

मीनाक्षी : तुमच्या पलटणीतली पोरं ती. कर्नलसाहेबांना तोंडावर सांगायची छाती होत नाही त्यांची.

जयंत : तूच काहीतरी भरवलं असशील. स्वतःला चढ झेपत नाही ना! कसौलीच्या चढावर कशी धापा टाकत होतीस, आठवतंय?

मीनाक्षी : आठवतंय की. मला सगळ्यांच्या पुढे चालायला लावलं होतंत.

जयंत : आणि बाईसाहेब खूश! वाटेतल्या गावांत पोरांना हात काय करत होत्या!

मीनाक्षी : मला वाटलं, मान दिलात.

जयंत : मान कसला डोंबलाचा! सगळ्यांत हळू चालणारा पुढे, म्हणजे तो मागे सुटत नाही. पलटणीत पहिल्या दिवशी शिकवतात. रात्री जेवताना सांगितलं तेव्हा तुझं तोंड बघण्यासारखं झालं होतं. पोट धरून हसले यार सगळे!

मीनाक्षी : विक्रम जास्तच.

जयंत : मग! तेव्हापासून तू घरी बसलीस. आणि मी बघ, सत्तरी उलटल्यावरही गेल्या वर्षी थेट चैलपर्यंत सगळ्यांच्या पुढे! म्हणे, तुम्ही नको!

मीनाक्षी : पुढे व्हा, असं कोण म्हणालं?

जयंत : विक्रमच. ‘सर, आप आगे चलिए.’

मीनाक्षी : आणि त्याला चालायला कोणी शिकवलं?

(जयंतचा हात बुटाच्या नाडीवर थांबतो.)

जयंत : ...हसत होते का गं ते?

मीनाक्षी : तुम्हाला कसं दिसणार? सगळे तुमच्या मागे होते.

जयंत : तुला कधी कळलं?

मीनाक्षी : तुम्ही घरी पोचायच्या आधीच. विक्रमनं फोनवर सांगितलं.

जयंत : म्हणजे चंदीगडच्या सेक्टर तीसमधली आपली मित्रमंडळी जेवायला आली, मी पुढे चालल्याचं सांगत बसलो, तेव्हा तुला माहीत होतं? आणि तू सांगू दिलंस?

मीनाक्षी : दिलं. त्यांच्यातली नेत्रा उशिरा आली, तर तिच्यासाठी पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावलं.

जयंत : मीनाक्षी...

मीनाक्षी : बूट काढताय ना?

जयंत : काढतो. उद्या सकाळी सुखना तलावावर येशील माझ्याबरोबर? थोडंसंच चालू.

मीनाक्षी : येईन की. तुम्ही व्हा पुढे.