दुसरी सीट

निवृत्तीनंतर देवाजी सेक्टर दोनच्या क्वार्टरात सुट्या भागांचं किट आणून विमान जोडत होते. त्यात त्यांच्या बायकोचा, सिंधुताईंचा नफा एकच, दुसरी सीट. सिविक सेंटरच्या बँकेतल्या रांगेत ती सीटही गेल्याचं सिंधुताईंना कळलं, आणि आजूबाजूच्यांनाही.

“वजन लई झालं. आता एकच माणूस बसन.”

“कावून? कंपनीनं तं दोघांचं पाठवलं होतं ना?”

“त्याईच्या अल्युमिनियमच्या पट्ट्या पापडावानी हलक्या होत्या. मी लोखंडाच्या बसवल्या.”

“गोलूचे बाबा, तुम्ही विमान बनवून राहिले का पूल?”

“जिंदगी लोखंडाच्या प्लांटात गेली. हलक्या मालावर भरोसा नाही बसत मले.”

“मंग उतरवा ते लोखंड.”

“अन् लावू काय? त्या पट्ट्या तं भंगारवाल्याले देल्या.”

“त्यानं नेल्या कुठं? माह्या दिवाणात हायेत, साडीत गुंडाळून. तुमचा हात लोखंडाकडंच जाईन, हे मले पयलेच माहीत होतं.”

“अवो, पन सारे रिवेट तोडा लागतीन. साल जाईन पुरं!”

“कोनाचं?”



“माह्यं.”

“मंग जाऊ द्या. सरका समोर, आपला नंबर आला.”