आज धावायचं नाही!

...आणि वर मलाच म्हणते काय, तर "बाबा, आज धावायचं नाही!" आता तुम्हीच सांगा, शंभर मीटरच्या शर्यतीची तयारी करणाऱ्या माणसाला धावायचं नाही म्हणजे काय? पोहायला शिकणाऱ्याला कुणी सांगतं का, की पाण्यापासून लांब राहा? सांगतं! आमची सूनबाई सांगते! शाळेत खेळ शिकवते ती, त्यामुळे माझ्या सरावाची सगळी सूत्रं तिच्याच हातात. मी सासरा, घरात माझा शब्द म्हणजे... जाऊ दे, तो पूर्वीही कुणी झेलत नव्हतं.

तुम्हाला सांगतो, यंदाचं वर्ष माझं होतं. पासष्टी गाठली ना मी! लोक पासष्टीला हळहळतात, आम्ही धावणारे तिची वाट बघतो, कारण वयाचा गट बदलतो आणि नव्या गटात आपण सगळ्यांत लहान, अगदी बाळ! अडचण एकच... ते दातवाले डॉक्टर. माझ्याच वयाचे, माझ्याबरोबरच गट बदलणारे, आणि वर्षानुवर्षं प्रत्येक शर्यतीत बरोब्बर माझ्या पुढे. त्यांची पाठ मला इतकी पाठ झालीय, की रस्त्यात तोंडानं समोर आले तर ओळखूच येत नाहीत!

तर सूनबाईनं हंगामाचा तक्ता केला आणि फ्रिजवर चिकटवला. हिरवं म्हणजे धावणं, करडं म्हणजे विश्रांती. बघतो तर काय, सगळीकडे ढगाळ! म्हटलं, "अगं, यात हिरवं कुठंय?"

"आहे की, सोमवारी. आणि गुरुवारी, काही दुखलं नाही तर."

"आणि मधे?"

"मधे स्नायूंची झीज भरून येते बाबा. तुमच्या वयाला वेग येतो तो विश्रांतीत."

"ते डॉक्टर रोज पळतात!"

"पळू देत. आज धावायचं नाही!"

बरं, घरात नुसतं बसून बघा तुम्ही! आमची ही लगेच हजर. "धावायचं नाही ना? मग माळ्यावरचे डबे काढा." मी स्टूल आणलं, पाय वर ठेवणार तोच आतून हाक, "आई, स्टुलावरसुद्धा नाही हं, त्यांची मांडी आखडते!" ही म्हणाली, "जन्मभर हा माणूस काम टाळायला कारणं शोधत होता, आता सूनच तयार करून देतेय!"

मला मात्र सारखी धाकधूक. हसू नका... पुढच्या वर्षी पासष्टीची नवी बाळं येणार, मग कुठला आपला नंबर? त्या डॉक्टरांच्या पुढचा रिकामा ट्रॅक एकदा, एकदाच बघायचा होता हो मला!

उजाडला शर्यतीचा दिवस. सुरुवातीच्या रेघेवर ब्लॉकमध्ये पाय रोवून वाकलो. पंच म्हणाला "तयार", आणि बंदुकीच्या आधी आम्हा सगळ्यांच्या गुडघ्यांचाच आवाज! सुटलो. समोर तीच ओळखीची पाठ. मग ती पाठ जवळ आली... मग खांदा आला... मग कान! त्यांचा कान मी आयुष्यात पहिल्यांदा बघत होतो! आणि मग पुढे... कुणीच नाही. नुसती शेवटची पांढरी रेघ!

जिंकलो हो! सूनबाई रडली, ही म्हणाली, "झालं ना मनासारखं? आता काढा डबे." तेवढ्यात डॉक्टर धापा टाकत आले. "मानलं तुम्हाला! सराव कोणाकडे करता?" आणि मी मूर्ख, छाती फुगवून बोट दाखवलं!

आता? नवा हंगाम, नवा तक्ता, दोन प्रती! "आज धावायचं नाही!" म्हणजे आता आम्हा दोघांनाही नाही. मैदानाच्या कडेच्या बाकावर शेजारी शेजारी बसून राहायचं. मी उठतो, बसतो, बुटाची नाडी सोडतो, पुन्हा बांधतो... आणि ते? हात मांडीवर, डोळे मिटलेले, हूं नाही की चूं नाही. परवा सूनबाई समोर येऊन उभी राहिली, दोघांना नीट न्याहाळलं आणि मला म्हणाली, "बाबा, जरा डॉक्टरकाकांकडून शिका. किती छान बसतात ते!"

म्हणजे बघा... आता बसण्यातही माझा दुसरा नंबर.